भरल्या भांड्याची परतफेड

"डबा जाताना सगळ्या बघता, येताना पण बघत जा," असं भागाबाईंनी सुनेला डबा सुरू झाला त्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मोहिनीने ते सासूचं नेहमीचं खुसपट काढणं समजून कानाआड केलं. कडेवरच्या मयुरीला दात येत होते, ती धड झोपू देत नव्हती, त्यात गल्लीच्या डब्याची पाळी. परत आलेला डबा उघडून कोण विचार करत बसणार?

डबा बेबाबाईचा. चोपड्याच्या त्या गल्लीत म्हातारी एका खोलीत एकटी राहायची. आधार कार्डावर वय कमी पडलेलं, म्हणून निराधाराचं अनुदान अडलेलं. तहसिलीत खेटे घालून गल्ली कंटाळली, तेव्हा केळीचे व्यापारी मोतीलालशेठ म्हणाले, "सरकारच्या नादी कुठवर लागायचं? आपणच बघू." किराणा आणि डबे त्यांचे, स्वयंपाक गल्लीतल्या सात घरांचा, रोज एकीची पाळी. डबा दुपारचा, रात्री बेबाबाई रेशनचे मूठभर तांदूळ शिजवून भागवायची. चोख व्यवस्था. ग्रुपवर रोज डब्याचा फोटो, खाली जोडलेले हात आणि फुलं.

डबा परत यायचा तेव्हा तळाशी मूठभर तांदूळ असायचे. कधी मुगाची डाळ. बायांना त्याचंच कौतुक.

मग एका दुपारी ग्रुपवर शेठचा आवाज आला. "आपल्या पाळीतल्या ज्योत्स्नाताई सांगत होत्या, बेबाबाई डब्यात धान्य घालून देते. जिच्या घरात वाटायला धान्य आहे तिला डबा कशाला? पुढच्या महिन्यापासून दुसरं कोणी गरजू बघू." खाली होकाराच्या अंगठ्यांची रांग.

मोहिनीचं डोकं सटकलं. दिवेलागणीला ती मयुरीला घेऊन तडक बेबाबाईकडे गेली. गॅस थंड, पातेली पालथी. म्हातारी भिंत धरून उठायला गेली आणि पुन्हा बसली.

"काय शिजवलं अक्का?"

"भूक नही वं माय."

मोहिनीने न विचारता तांदळाचा पत्र्याचा डबा उघडला. आत हात फिरवला तर बोटांना नुसता भुगा लागला.

"तांदूळ कुठे गेले?"

"कोठे जातीन? तुमना डबास्मा."

"अहो, पण मागितले कोणी?"

"मांगाले काय लागस? भरेल भांडं येस, ते रिकामं कसं धाडू? तुना घर धाकली पोर शे."

मोहिनीने पत्र्याच्या डब्याचं झाकण लावलं. सात घरं दुपारचं जेवण पोचवत होती आणि रात्रीचं परत नेत होती. तिने स्वतः ते तांदूळ खिचडीत घालून मयुरीला भरवले होते.

"तांदूळ घालू नका" म्हणून बघितलं, तर म्हातारी म्हणाली, मग डबाच नको. तेव्हा आपल्या पाळीला मोहिनीने भाकरी, भरीत आणि ठेचा केळीच्या पानात बांधून नेला. बेबाबाईने जेवून पान उलटसुलट केलं. परत द्यायचं काय? हसली, आणि पान दारातल्या बकरीपुढे टाकलं.

हे सगळं मोहिनीने ग्रुपवर लिहिलं. डबा बंद करायचं टळलं, पण पान काही कोणाच्या गळी उतरेना.

"पानात रस्सा कसा बांधायचा गं?" ज्योत्स्नाने विचारलं. "माझ्याकडे तर रोज रस्साच असतो."

शेठनी फोनच केला. "वहिनी, डब्यांवर आमच्या मातोश्रींचं नाव कोरलंय. पानावर कुठे कोरू?"

"म्हातारीला भाकरी खायचीय भाऊ, नाव नाही."

"तुम्ही लगेच तापता बुवा."

शेवटी ठरलं ते असं, की ज्याने त्याने आपल्या सोयीने द्यावं. म्हणजे मोहिनीच्या पाळीला पान, बाकी सहा दिवस नाव कोरलेला डबा. डब्यात तांदूळ आले तर परत नेऊन द्या, हे तिने घरोघर सांगितलं. सगळ्या हो हो म्हणाल्या. भागाबाई तेवढ्या म्हणाल्या, "हो म्हणायला काय जातं?"

आणि नेमकं सोमवारपासून मोहिनीला धुळ्याला जायचंय, माहेरी, भावाच्या लग्नाला. म्हणून तुम्हालाच सांगते. चोपड्यात असाल, तर दिवेलागणीला बेबाबाईच्या दारात जरा डोकवा. जेवलात का, असं विचारू नका. ती हो म्हणेल. तांदळाचा डबा उघडून बघा.