पाण्यात पडलेला गोळा

मुर्तिनीने माउसवरचा उजवा हात काढला आणि मांडीखाली दाबून ठेवला. डाव्या हाताने ती कळा दाबत होती तशी पडद्यावरची तिची चिमुकली बोट बेटाआडून पुढे सरकत होती. तोफ डागायचा मोह होत होता. पण डागली की आपण कुठे आहोत ते शत्रूला लांबूनसुद्धा दिसतं. गप्प राहिलं तर एवढीशी बोट अगदी जवळ आल्याशिवाय कुणाच्या नजरेस पडत नाही. आणि तिला जे दिसेल, ते तिच्या बाजूच्या सगळ्यांना दिसतं.

“मुर्ती, दाखव गं बाई, कुठे दडलाय तो,” शेजारच्या खुर्चीवरून रोदिया म्हणाली. तिची अगडबंब युद्धनौका मागे तोफा रोखून उभी होती.

सुराबायाच्या त्या गल्लीने स्वातंत्र्यदिनाच्या खेळांत यंदा नेट कॅफेतली ही लढाई घातली होती, बायका विरुद्ध बाप्ये. हरतील त्यांनी संध्याकाळच्या जेवणाची भांडी घासायची. बाप्यांना पैजेचंच हसू येत होतं. मुर्तिनीला येत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी मागच्या नळावर रावोन या काळ्या मटणरश्शाचे तेलकट वाडगे घासत तिने जेवणानंतरचं लुद्रुक नाटक नुसतं ऐकलं होतं. विदूषक काहीतरी बोलायचा, लोक खो-खो हसायचे, आणि तो तोंड कसं करतो ते हिला कधीच दिसायचं नाही. यंदा तिला पुढे बसायचं होतं. बस्स, एवढंच.

बाप्यांची एकच नौका उरली होती, तिच्या नवऱ्याची, कुस्ननची. गुण त्यांचेच जास्त. वेळ संपेपर्यंत तो लपून राहिला की भांडी पुन्हा बायकांच्याच गळ्यात. लपण्यात त्याचा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता. मुर्तिनीला खेळ शिकवला तोही त्यानेच. लपलोय तोवर तोफेला हात लावायचा नाही, हे त्याने तिला कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

“तुझाच नवरा, आणि तुला सापडेना?” रोदिया म्हणाली.

“घरात तरी कुठे सापडतो?”

बायका हसल्या. मधल्या आडव्या फळीपलीकडून बाप्यांतलं कुणीतरी ओरडलं, “साबण भिजत घातलाय बरं का, वहिनी.”

खेळाची वेळ संपत आली. कुस्ननने मान उंच करून फळीवरून पाहिलं. मुर्तिनी पडद्याला नाक लावून बसली होती. डोळे भरून आले होते, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तो पुन्हा खाली बसला.

डाव्या खाडीत एकदम तोफ चमकली. गोळा पडला तिथे कुणाचीच बोट नव्हती, नुसतं पाणी. पण कुस्ननची नौका सगळ्यांच्या पडद्यावर उघडी पडली. रोदियाच्या तोफा धडाडल्या आणि खेळ आटोपला.

“अरे गाढवा, डागलीस कुणावर?” बाप्यांतला एक जण ओरडला.

“बोट घसरलं,” कुस्नन म्हणाला. तो बाह्या वर सारत होता.

संध्याकाळी मुर्तिनी पहिल्या रांगेत बसली. विदूषकाने गाल फुगवून डोळे तिरळे केले तेव्हा ती पोट धरून हसली. मागे नळावर वाडग्यांचा खणखणाट चालला होता.

“नवरा तुझा अगदीच कच्चा निघाला गं,” रोदिया तिच्या कानाशी म्हणाली.

“हो ना, फारच कच्चा,” मुर्तिनी म्हणाली. तोवर विदूषक रडायला लागला होता. सगळी रांग गप्प झाली, आणि हिला काही हसू आवरेना.