नवाबला बसवण्याचे उपाय

जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात जोहराबीला एकच मुलगा होता, पण तो एका वेळी चार ठिकाणी असायचा. नाव नवाब, वय नऊ. नावाला जागून त्यानं एकदा तरी लोडाला टेकून बसावं, एवढीच आईची माफक इच्छा. पण नवाब जेवायचासुद्धा फिरतीवर. एक घास चुलीपाशी, दुसरा उंबऱ्यावर, तिसरा शेजारच्या घरात, आणि तोही शेजाऱ्यांच्या ताटातला.

घरात हे खपून जायचं. बाप इब्राहिम लगद्याच्या हौदातून ओले कागद काढायचा, आणि नवाब ते वाळायला भिंतीवर चिकटवत पळायचा. पळता पळता मोजायचा. तो दोनशे चाळीस म्हणाला तर दोनशे चाळीसच भरायचे. पण याला काही शिक्षण म्हणत नाहीत. शिक्षण म्हणजे बसणं, असं शाळेच्या भगवंत मास्तरांचं मत होतं, आणि ते स्वतः त्यात इतके पारंगत होते की खुर्चीला त्यांचा आकार आला होता.

१९०७ सालच्या माघात मास्तरांनी जोहराबीला शाळेत बोलावून घेतलं.

"बाई, पंधरा दिवसांनी शाळा तपासायला दिपोटी येतायत. त्यांच्यासमोर हा तासभर बसला, तर ठीक. उठला, तर पटावरचं नाव गेलं म्हणून समजा."

"मास्तरसाब, हुशार हाय वो तो."

"असेल. पण हुशारी बसलेली दिसायला हवी ना! पळती हुशारी मी दिपोटींना दाखवू कशी?"

गिरणीचा कागद आल्यापासून हौद आठवड्यातून तीनच दिवस चालायचा. पोरगा कागद करणारा न होता कागदावर लिहिणारा व्हावा, एवढी एकच आशा जोहराबीला उरली होती.

मग उपचार सुरू झाले. हकीम म्हणाले, डोक्यात गर्मी आहे, थंड दुधातून सब्जा द्या. वैद्य म्हणाले, अंगात वात आहे, गरम तेल चोळा. जोहराबीनं दोन्ही केलं. पोरगा आतून गार आणि बाहेरून बुळबुळीत झाला, त्यामुळे आता पकडला तरी हातात राहीना. दर्ग्यातल्या मुजावरानं तीन ताईत दिले. ते एकमेकांवर वाजायचे, त्यामुळे नवाब कुठल्या गल्लीत आहे हे निदान कानाला कळू लागलं.

गल्लीच्या तोंडाशी गेणभाऊ राहायचे. त्यांच्याकडं सोळा बैल होते, म्हणून मुलं कशी वाढवावीत याबद्दल त्यांचा शब्द शेवटचा.

"भाभी, उंडग्या गुराच्या गळ्यात आमी काय अडकवतो? लोढणं! लाकडाचा ओंडका असा गुडघ्यावर आपटतोय, मंग कुठं पळतंय जनावर? याच्या कमरेला बांधा."

बांधलं. पहिल्या दिवशी नवाब खरोखरच हळू चालला. दुसऱ्या दिवशी तो लोढण्यावर बसून उतारावरून घसरू लागला. तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातली आणखी पाच पोरं गेणभाऊंकडं लोढणं मागायला गेली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेजारची चिमाबाई आली. तिला स्वतःची सहा पोरं होती, आणि त्यातलं एकही रडताना कुणी ऐकलं नव्हतं.

"अगं, तान्ह्याला आपण बाळगोळी देतो का न्हाई? अफूचा कण असतोय तिच्यात. पोर गपगार झोपतं, आपुन कामाला मोकळ्या. एक वर्साच्याला एक. तुजा केवढा?"

"नऊ वर्सांचा."

"मंग नऊ."

हिशेब इतका सरळ होता की त्यात चूक काढायला जागाच सापडेना.

सकाळी जोहराबीनं नऊ गोळ्या शेवयांच्या खिरीत घोटल्या. पोरगा खायला थांबेना, म्हणून चरवीच त्याच्या हातात दिली. "घंटेआधी सगळी संपव. एकट्यानं!"

तो गेला. ती चूल सारवायला बसली आणि एकदम तिचा हात थांबला. नऊ! तान्हं पोर एकीवर दिवसभर झोपतं. हे नऊवर उठलंच नाही तर? ती तशीच सारवणाच्या हातानं शाळेकडं धावत सुटली.

ती खिडकीतून डोकावली. एकतीस पोरं ओळीनं झोपली होती. खुर्चीत मास्तर घोरत होते. आणि मधून रिकामी चरवी हलवत नवाब फिरत होता.

"अम्मी, समद्यांना दिली. मला चमचाभरबी उरली न्हाई. मास्तरांना दोनदा दिली, ते मोठे हायत ना."

इतक्यात घोड्याच्या टापा वाजल्या, तशी जोहराबी खिडकीखाली दडली.

दिपोटी दारात आले, आणि इतकी शांत शाळा त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

"काय रे, काय चाललंय हे?"

"बसलेत साहेब," नवाब म्हणाला. "मास्तर पंधरा दिस बसायलाच शिकवत व्हते."

दिपोटींना संध्याकाळपर्यंत आणे गावची शाळा गाठायची होती. जो जागा आहे त्याचीच परीक्षा घ्यायची असं त्यांनी ठरवलं.

"बस खाली. एकोणतिसाचा पाढा म्हण."

नवाब बसला. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. "साहेब, बसलं की येत न्हाई. उभ्यानं म्हनू?"

"पळत म्हण, पण म्हण!"

नवाब सुटला. पहिल्या खांबापर्यंत एकोणतिसाचा झाला, दुसऱ्यापर्यंत पावकी, दारापर्यंत निमकी. हात भिंतीवर कागद लावल्यासारखे चालले होते. जोहराबी खिडकीच्या कडेनं पाहत होती. पाय थांबले की पाढा थांबायचा. ही साधी गोष्ट हकीम, वैद्य, मुजावर आणि सोळा बैल यांपैकी कुणालाच दिसली नव्हती. तिलाही नाही. हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

दिपोटींनी शेरा लिहिला: 'पट बत्तीस. हजर बत्तीस. जागा एक. तोच पास.' आणि घोड्यावर बसले.

चार वाजता मास्तर उठले. शेरा वाचून त्यांनी नवाबचं नाव खोडायला टाक उचलला, आणि तेव्हा ध्यानात आलं की हे खोडलं तर शाळेत पास झालेलं कुणीच उरत नाही. टाक खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र शाळेची पद्धत बदलली. एकतीस पोरं खांबाभोवती पळत पाढे म्हणू लागली. बत्तिसावा, भागू नावाचा पोरगा, तेवढा बसून राहायचा. मास्तरांनी त्याची आई बयाबाई हिला शाळेत बोलावून घेतलं.

बयाबाई डोळे पुसत जोहराबीकडं आली. "तुज्या पोराला काय चारलंस गं? माजं उठंना."

"बसून पाढे म्हनतो का?"

"म्हनतो की, धडाधडा."

"मंग बसू दे."

हा उपाय बयाबाईला फारच साधा वाटला. ती गेणभाऊंकडं गेली. त्यांनी विचार करून, बैलाला टोचायची पराणी काढून दिली.