साहेब 'जा' म्हणेपर्यंत

रविवारी दुपारी घरातून निघताना सासरेबुवा भलतेच खुशीत होते. ऑफिसात बढती मिळाली होती, आणि बढती मिळालेल्या माणसाने घरच्यांना बाहेर जेवायला न्यावं असा त्यांचा खाक्या होता. जागाही त्यांनीच ठरवली. "आमच्या साहेबांनी फार कौतुक केलंय तिथलं. बार अँड रेस्टॉरंट आहे, पण फॅमिलीसाठी हॉल वेगळा आहे," असं म्हणून त्यांनी जागेचं नाव सांगितलं.

ते नाव ऐकलं आणि सून दारातच थबकली. तिला माहेरी धाकटी म्हणत. आपणही तेच म्हणू. धाकटीची ताई त्याच जागी गिऱ्हाइकांना वाढायचं काम करत होती आणि सासरी ही गोष्ट धाकटीच्या नवऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती.

आईवडील गेल्यावर ताईने स्वतःचं शिक्षण सोडलं, बारमधली नोकरी धरली आणि धाकटीला पदवीपर्यंत नेलं. धाकटीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा नवऱ्या मुलाने हळूच सुचवलं होतं, "बारमध्ये काम करणारी बाई म्हटलं की बाबांचं डोकं फिरतं. ताई परगावी ऑफिसात आहे असं सांगू. पुढे बघू सावकाश." धाकटी काही बोलण्याआधी ताईच म्हणाली, "चालेल की. तुझा संसार सुखाचा झाला म्हणजे मला सगळं पावलं." लग्नाच्या दिवशी ती तापाचं निमित्त करून घरीच राहिली. मांडवात धाकटीचे डोळे सारखे भरून येत होते आणि बायका म्हणत होत्या, पोरीला माहेर सुटल्याचं वाईट वाटतंय. पुढे दिवसांमागून दिवस गेले, पण ते 'सावकाश' काही उजाडलं नाही.

"ताई आतल्या बारमध्येच असते ना?" घराला कुलूप लावता लावता नवऱ्याने दबक्या आवाजात विचारलं.

"हो, आतच असते. पण आपण दुसरीकडे नाही का जाऊ शकत?"

"बाबांनी ठरवलंय. आता फाटे फोडू नकोस. मुकाट्याने जेवायचं आणि परत यायचं."

हॉलमध्ये कोपऱ्यातलं टेबल मिळालं. भिंतीला लागून लांबलचक बाक होता. धाकटी आत सरकली आणि तिच्या शेजारी सासूबाई बसल्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला सासूबाई, समोर टेबल आणि टेबलापलीकडे बापलेक, अशी धाकटी जागच्या जागी जेरबंद झाली. सासूबाईंचे गुडघे दुखत. त्या एकदा टेकल्या की त्यांना उठवायचं कोणाच्या जिवावर येई.

एवढ्यात पाण्याचे ग्लास घेऊन ताईच आली. हॉलमध्ये वाढणारी बाई आजारी पडली होती, म्हणून तिला आज इकडे धाडलं होतं. तिची नजर धाकटीवर पडली, मग शेजारच्या वयस्क बाईवर, मग समोरच्या साहेबांवर. तिच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. सासरेबुवांनी सांगितलेले पदार्थ तिने मान खाली घालून ऐकून घेतलं, ग्लास टेबलाच्या कडेला ठेवले आणि ती आली तशी गेली.

त्यानंतर ती त्या टेबलाकडे फिरकेचना. आपण जितकं कमी दिसू तितकी धाकटी सुरक्षित, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ती जो भेटेल त्याची विनवणी करत होती, "तेवढं कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन दे ना." पण रविवारची गर्दी होती आणि दुसऱ्याचं टेबल अंगावर घ्यायला कोण मोकळं असणार? जो तो जाता जाता हाताला लागेल ते तिथे टेकवून पळत होता. बिअर आली ती कोमट आणि सूप आलं ते गार. भाजलेली कोंबडी मागवली होती, तर तळलेले मासे आले. चमचे तर आलेच नाहीत.

"आपण इथे काय हवा खायला आलोय?" सासरेबुवांचा पारा चढू लागला. "साधा चमचा मागायचा तर माणूस दिसत नाही!"

"बाबा, गर्दी आहे हो," नवरा म्हणाला.

"गर्दी त्यांच्या घरची! आम्ही काय फुकट जेवतोय?"

हे सगळं कशापायी चाललंय ते त्या टेबलावर एकट्या धाकटीला कळत होतं. ताई तिला वाचवायला धडपडत होती आणि जितकी धडपडत होती तितकी स्वतःच गोत्यात येत होती. उठून आत जावं, ताईला सांगावं की बाई गं, ये आणि नीट वाढ, काही होत नाही, असं तिला सारखं वाटत होतं. पण उठायचं कसं? सासूबाईंना काय सांगून उठवायचं?

अखेर सासरेबुवांनी मॅनेजरला बोलावलं. त्या जागेची एक रीत होती. गिऱ्हाईक नाराज झालं की टेबल ज्याच्याकडे असेल त्याने तिथे येऊन हात मागे बांधून उभं राहायचं आणि साहेब 'जा' म्हणेपर्यंत हलायचं नाही. कामगार त्याला 'खांब होणं' म्हणत आणि एकमेकांची थट्टाही करत. मालकाला या रीतीचा मोठा अभिमान होता. गिऱ्हाइकाचा राग शांत होतो, असं तो म्हणे.

ताई आली आणि खांब झाली.

"माफ करा, साहेब. चूक झाली माझी."

"झाली ना? मग राहा उभी," म्हणत सासरेबुवांनी कोंबडीचा तुकडा मोडला. आता सगळं गरमागरम आलं होतं. चमचेही आले होते.

"जाऊ द्या की तिला," सासूबाई पुटपुटल्या. "कोणी टक लावून बघत असलं की घास गिळवत नाही."

"तू जेव गुमान. या लोकांना असंच वठणीवर आणावं लागतं."

टेबलाखाली नवऱ्याने धाकटीचा पाय दाबला. गप्प राहा, एवढंच त्या पायाचं म्हणणं होतं. धाकटीने घास उचलला आणि तसाच ताटात परत ठेवला. जिने भरवून लहानाची मोठी केली तिला ताटकळत ठेवून आपण जेवतोय, या विचाराने तिला स्वतःची किळस आली.

सासरेबुवांनी बिअरचा घोट घेतला, ओठ पुसले आणि ताईला आपादमस्तक न्याहाळलं. "चांगल्या घरची बाई असल्या ठिकाणी कामाला येते होय?"

बिअर पिणारा तो घरंदाज आणि ती आणून देणारी वाया गेलेली! हा न्याय कोणत्या कोर्टात झाला ते कोणाला सांगता येणार नाही, पण तो पाळताना आपण सगळे मोठे कडक असतो. त्या हॉलमध्ये भरल्या पोटाची कितीतरी सुशिक्षित माणसं बसली होती. त्यांना टेबलापाशी उभी केलेली बाई दिसत होती. एकाचाही हात जेवताना थांबला नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपला थांबला असता का?

"घरी कोणी आहे की नाही तुला?" सासरेबुवांनी पुन्हा विचारलं. "भाऊ, बहीण? त्यांना खपतं हे?"

ताई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "कोणी नाही, साहेब. मी एकटीच आहे."

"मी आहे," धाकटी म्हणाली.

सासरेबुवांचा घास हातातच राहिला. "काय म्हणालीस?"

"मी तिची बहीण आहे, बाबा. माझी सख्खी ताई आहे ही. परगावी नाही की ऑफिसात नाही. हिच्याच नोकरीवर मी शिकले."

ताई डोळ्यांनी गप्प बस म्हणून खुणावत होती. सासरेबुवा मुलाकडे वळले. "तुला माहीत होतं हे?"

नवऱ्याने ताटाकडे पाहिलं. "नाही, बाबा. मला काहीच सांगितलं नव्हतं हिने."

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी दुखलं. आजवर ज्या भीतीने ती दबून राहिली होती ती भीतीच त्या एका वाक्याने संपली. ज्या घरासाठी ताईला लपवलं, त्या घरात धाकटीच्या बाजूने उभं राहणारं असं कोणी नव्हतंच.

"आई, जरा उठता का? मला बाहेर यायचंय."

"कोणी उठायचं नाही!" सासरेबुवा गरजले.

सासूबाईंनी सासरेबुवांकडे पाहिलं, मग ताईकडे. दोन्ही हात टेबलावर रेटून, कण्हत कण्हत त्या उठल्या आणि बाजूला झाल्या. "जा, पोरी," त्या म्हणाल्या.

धाकटीने शेजारच्या टेबलाची रिकामी खुर्ची ओढली. ताईला दंडाला धरून बसवू लागली.

"वेड लागलंय का तुला? माझी नोकरी जाईल, तुझं घर जाईल."

"गेलं तर दोघी मिळून शोधू. पण तू आता बस."

ताई खुर्चीच्या कडेला कशीबशी टेकली. मॅनेजर धावत आला. "ए बाई, ऊठ! स्टाफने हॉलमध्ये बसायचं नाही. साहेब, सोडू का हिला?"

साहेबांनी ताट पुढे सरकवलं.

"त्यांना काय विचारता?" धाकटी म्हणाली. तिचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला. "ती माझ्याबरोबर जेवणार आहे. तिला काय हवं ते तिला विचारा."

मॅनेजर घुटमळला. मग नाइलाजाने ताईकडे वळून म्हणाला, "काय घेणार?"

तिथला एकूण एक पदार्थ ताईला तोंडपाठ होता, पण हा प्रश्न तिला उभ्या जन्मात कोणी विचारला नव्हता.