मी, खुटबावची युद्धनौका

मित्रांनो, मी एक युद्धनौका आहे. पण समुद्र काही मी पाहिलेला नाही. खुटबावात शेवंतीच्या मळ्याला लागून एक पत्र्याची शेड आहे, तिथे माझा जन्म झाला. माझी लांबी सव्वा मीटर. माझ्यावर तोफ आहे, रडार आहे, दोन नांगर आहेत. शत्रूनं मला बुडवायचं म्हटलं तरी मी बुडणार नाही, कारण मी अस्सल सागवानी आहे. जरा बढाई मारते, तेवढी चालवून घ्या.

जहाज होण्याआधी मी एक साचा होते. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा पंप ओतायचा असेल तर आधी तो हुबेहूब लाकडाचा करतात, वाळूत दाबून त्याचा ठसा उठवतात आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड ओततात. ते लाकूड म्हणजे मी. शिरूरजवळच्या एका फाउंड्रीत मी एकोणीस वर्षं राबले. माझ्यावरून निघालेल्या पंपांनी कुठल्या कुठल्या विहिरींचं पाणी उपसलं असेल, देव जाणे. मग ॲल्युमिनियमचे साचे आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे माझ्या अंगावरचा तांबडा रंग पोपडे धरून गळाला, पाली माझ्यावरून फिरल्या, आणि माझ्या निम्म्या सोबत्यांचं सरपण झालं. मीही चुलीचीच वाट बघत होते.

पण ज्या हातांनी मला घडवलं होतं, त्यांना माझी आठवण होती. साचे करणारे सोपानराव छत्तीस वर्षांची नोकरी करून निवृत्त झाले, तेव्हा मालकानं विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? सोपानरावांनी माळ्यावरचं लाकूड मागितलं. टेम्पोत बसून मी खुटबावला आले. इथे सोपानरावांना सगळे आप्पा म्हणतात. मीही आप्पाच म्हणते.

आप्पांचा हात सोन्याचा, पण स्वभाव असा की नाकावर माशी बसलेली चालायची नाही. या स्वभावापायीच घरात एक मोठी अडचण होऊन बसली होती. त्यांची नात प्रांजल बारावीनंतर अग्निवीर म्हणून नौदलात निवडली गेली. सगळ्या गावानं पेढे खाल्ले, आप्पांनी तोंडाला लावला नाही. "भर समुद्रात, लोखंडाच्या डब्यात माझी नात जायाची न्हाई," एवढंच बोलले. ती निघताना पाया पडायला वाकली, तर यांनी तोंड फिरवलं. प्रांजल तरीही गेली. पहिल्या सुट्टीला ती घरी आली, तेव्हा हे शिरूरला जुन्या मित्राकडे जाऊन राहिले, ते तिची सुट्टी संपल्यावरच परतले. अशी अडीच वर्षं या दोघांत एक शब्द झाला नव्हता.

मी फाउंड्रीत राहिलेली आहे, म्हणून खरं काय ते मला ठाऊक होतं. लोखंड आणि आग आप्पांनी फार जवळून पाहिली होती. शेजारी काम करणाऱ्या माणसाचा हात भाजलेला पाहिला होता. त्यांना राग आलाच नव्हता, ते भ्यायले होते. पण 'मला भीती वाटते' हे वाक्य त्यांना आयुष्यात कधी बोलता आलं नाही.

दर रविवारी प्रांजलचा फोन यायचा. फोन वाजला की आप्पा कानस घेऊन शेडमध्ये यायचे आणि दार सताड उघडं ठेवायचे. कानस हातात, कान मात्र ओसरीवर. धुरपदाआजी सगळं ओळखून होत्या. ताकाला जाऊन भांडं लपवणारा नवरा त्या पन्नास वर्षं सांभाळत होत्या. त्या मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या, "व्हय गं बाई, जेवलीस का? वजन उतरलंय म्हणतीस?" इकडे आप्पांची कानस थांबायची.

एकदा प्रांजलनं आजीला नौदलाचं कॅलेंडर पाठवलं. त्यातल्या ऑगस्टच्या पानावर तिचं जहाज होतं. आजींनी ते ओसरीवर टांगलं. चार दिवसांनी बघतात तो ऑगस्ट महिना गायब. तो शेडमध्ये आला होता, आप्पांच्या बाकावर. त्याच दिवशी आप्पांनी मला आणि माझ्या दहा सोबत्यांना खाली उतरवलं, आमच्या फळ्या केल्या आणि रंधा मारायला घेतला. जुन्या सागाचा तो वास किती वर्षांनी सुटला होता! मी परत कामाला येणार, एवढंच मला कळलं आणि तेवढ्यानं मी हरखून गेले.

मित्रांनो, जहाज घडवणं म्हणजे काय ते मी त्या वर्षात अनुभवलं. आप्पांकडे नकाशा नव्हता. प्रांजलला विचारायची सोय नव्हती, कारण एक तर यांचं बोलणं बंद, आणि दुसरं म्हणजे नौदलाचा नियम म्हणून जहाजाबद्दल काही विचारायचं नाही, अशी तिनं घरच्यांना आधीच ताकीद दिलेली. वर्तमानपत्रात छापून आलेली लांबी तेवढी हाताशी होती. आप्पांनी शंभरास एक हे माप धरलं. उंचीचं काय करायचं? तर चित्रात कठड्याशी एक नौसैनिक उभा होता. भिंगातून बघून आप्पांनी त्याला साडेपाच फूट धरला आणि त्याच्यावरून डोलकाठी मोजली, खिडक्या मोजल्या, शिड्यांच्या पायऱ्यासुद्धा मोजल्या.

आम्ही अकरा फळ्या सरसानं एकमेकींना चिकटलो आणि एक भरीव लाकूड झालो. मग आप्पांनी पटाशीनं माझं नाक काढलं, पाणी कापत जाईल असं. सायकलच्या तारेची तोफेची नळी झाली. चहाच्या गाळणीची जाळी रडारला गेली, त्यावरून दोन दिवस घरात चहापेक्षा बोलणंच जास्त उकळलं. पितळेच्या तुकड्यातून घासून काढलेला नांगर तर करंगळीच्या नखाएवढा, तरी त्याची कडी फिरते. एकाहत्तराव्या वर्षी, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी! मी आप्पांची स्तुती करते म्हणून मला हसू नका. तुम्ही ती कडी बघितली असती तर तुम्हीही हेच म्हणाला असता.

आणि इथेच ती चूक झाली. चार महिने खपून आप्पांनी डेक आणि त्यावरच्या सगळ्या खोल्या वेगळ्या बनवल्या. एका सकाळी ते सगळं त्यांनी माझ्यावर बसवून बघितलं, तर डेक मागून सव्वा सेंटीमीटर बाहेर! आप्पा आधी माझ्यावरच डाफरले, मीच आखडले असणार म्हणून. मग त्यांनी बाकावरच्या दोन्ही पट्ट्या उचलून एकीला एक लावल्या आणि मटकन स्टुलावर बसले.

त्यांच्यातली एक होती बाजारातली साधी पट्टी. दुसरी फाउंड्रीची. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, म्हणून साचे करणाऱ्यांची पट्टी मुळातच शंभराला एक या हिशेबानं मोठी असते. दिसायला दोन्ही सारख्या. माझं अंग साध्या पट्टीनं मोजलं होतं. पण पुढे डेक करताना आप्पांचा हात छत्तीस वर्षांच्या सवयीनं दुसऱ्या पट्टीकडे गेला होता. दुसऱ्या कुणाकडून अशी चूक झालीच नसती, कारण दुसऱ्या कुणाच्या घरी ती पट्टीच नसते.

शेजारचे हौसराव तेवढ्यात आले होते. ते म्हणाले, "आप्पा, मागनं एवढुसं कापून टाका की. कुणाला कळतंय?"

"कुणाला कळत न्हाई म्हणून वाकडं करायचं व्हय?" आप्पा म्हणाले. "माप चुकलंय. चुकलं ते चुकलं. समदं नवं करायचं."

चार महिन्यांचं काम त्यांनी शांतपणे उचलून कोपऱ्यात ठेवलं. तोफ, खोल्या, डोलकाठी, सगळं. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. दारात उभ्या असलेल्या धुरपदाआजी मात्र रडल्या नाहीत. हौसराव गेल्यावर त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "लाकडाची चूक कशी लगीच कबूल केली. माणसाची कवा करायची म्हणते मी?"

आजी पुढे म्हणाल्या, "पोरगी मार्गशीर्षात येतीया, पंधरा दिवसांसाठी. ह्या खेपेला शिरूरला पळालात, तर मग माझ्याशी बी बोलू नका."

त्या दिवसापासून कामाला जो वेग आला, तो मी फाउंड्रीतही कधी पाहिला नव्हता. डोळे साथ देईनात, तेव्हा कठड्यांचं काम आजींनी आपल्याकडे घेतलं. जन्मभर शेवंतीचे गजरे गुंफलेली बोटं ती. एकशे ऐंशी टाचण्या आप्पांनी माझ्या कडेनं ठोकल्या आणि आजींनी प्रत्येकीला दोऱ्याचा वेढा देऊन, गाठ मारून कठडा ओढून घेतला. एक गाठ सैल नाही. पाटसच्या एका गॅरेजवाल्यानं ट्रकचा करडा रंग दिला. रंगाचे हात देऊन देऊन आप्पांनी माझी कूस अशी गुळगुळीत केली की बोट ठेवलं तर घसरावं. शाळेतली मुलं रांगेनं मला बघून गेली. सरपंच म्हणाले, ग्रामपंचायतीत काचेच्या पेटीत ठेवू. आप्पा म्हणाले, "न्हाई. ही घरातल्या माणसासाठी केलीया." माझी मान त्या दिवसांत फार ताठ होती.

आणि प्रांजल आली. बॅग ओसरीवर ठेवते न ठेवते तोच आजींनी तिला हाताला धरून शेडमध्ये आणलं. आप्पा बाकापाशी पाठमोरे बसून कानस घासत होते. कानशीखाली काहीच नव्हतं, हे मला दिसत होतं.

प्रांजलनं मला पाहिलं आणि ती जागीच थांबली. मग हळूहळू माझ्याभोवती फिरली. वाकून नांगर बघितला. शिडीच्या पायऱ्या मनातल्या मनात मोजल्या. कठड्यावर बोट फिरवून म्हणाली, "आजी, ह्या गाठी तुझ्या." मग त्या पाठमोऱ्या माणसाला उद्देशून म्हणाली, "आप्पा, बरोबर हाय का चुकलंय, ते मला सांगता येत न्हाई. नियम हाय तसा. पण मी असं काम कुठं बघितलं न्हाई."

आप्पा वळले. त्यांनी खिशातून एक काड्यापेटी काढली आणि उघडून तिच्यापुढे धरली. आत पितळेची एक बाहुली होती. ज्वारीचे चार दाणे एकावर एक ठेवावेत तेवढी उंच, निळ्या कपड्यांतली, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली. मित्रांनो, ती त्यांनी कधी केली, हे मलाही ठाऊक नव्हतं.

"ही तू," आप्पा म्हणाले. "हिला जहाजावर कुठं उभी करायची तेच मला कळंना. तू कुठं उभी ऱ्हातीस, काय करतीस, मी कवा इचारलंच न्हाई. चुकलं माझं, पोरी. मी भ्यालो होतो. कुठं ऱ्हातीस गं तू?"

प्रांजलनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आप्पा, मी वर नसतीच. मी आत असते. खाली, पोटात."

"आत कुठं?"

"ते सांगता येत न्हाई," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. आजीही हसल्या.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. त्यांनी गिरमिट उचललं आणि त्याचं टोक माझ्या कुशीला लावलं, त्या गुळगुळीत, करड्या, शाळेच्या मुलांनी वाखाणलेल्या कुशीला. खरं सांगते, मी घाबरले. आजी म्हणाल्या, "अहो, एवढी देखणी झालीया, कशाला भोक पाडताय?"

"भरीव जहाजात माणूस ऱ्हाईल कसं?" आप्पा म्हणाले आणि त्यांनी गिरमिट फिरवलं.

प्रांजलनं मोबाईलचा उजेड धरला. आप्पांनी अंगठ्याएवढं भोक पाडलं, आत बारीक पटाशीनं कोरून जागा केली, पॉलिश कागदानं ती घासली. "कूस टोचायला नको तिला," असं पुटपुटले. प्रांजलनं आपल्या हातानं त्या बाहुलीला आत उभं केलं. मग आप्पांनी माझ्याच लाकडाची गोल चकती करून भोक बंद केलं. वरून रंग दिला. पण चकतीची बारीक गोल रेघ त्यांनी बुजवली नाही. इतका सफाईचा माणूस, पण ती रेघ त्यांनी मुद्दाम ठेवली.

आता मी ओसरीवर असते. येणारे-जाणारे तोफ बघतात, रडार बघतात, आणि कुशीवरची रेघ दिसली की विचारतात, "आप्पा, हितं काय बिघाड झाला होता?" आप्पा सांगतात, "बिघाड न्हाई. तिथं माझी नात ऱ्हाती."

मित्रांनो, लाकडाला काय लागतं? आठवड्यातून एकदा मऊ फडकं आणि ओलीपासून आडोसा. एवढं केलंत तर माझ्यासारख्या वस्तू तुमच्या नातवंडांनाही बघायला मिळतील. पण माझं मागणं तेवढ्यावर संपत नाही. एखादं मोठं जहाज, कारखाना, आगगाडीचं इंजिन बघून तोंडात बोट घालाल, तेव्हा त्याच्या आत न दिसणारं कुणीतरी उभं आहे, हे लक्षात ठेवा. आणि तुमच्या घरातलं जे माणूस रोज कामाला बाहेर जातं, ते दिवसभर कुठं उभं असतं, हे त्याला विचारा. आप्पांना ते विचारायला अडीच वर्षं लागली. तुम्ही आजच विचारा.