मोकळ्या जागेवरचे प्रकरण

"पुन्हा खरखर! जन्मभर पोरांना रेडिओ शिकवलात आणि घरचा एक धड लागेना?" पलंगावर आडवी असलेल्या बायकोने बटणावरचा हात मागे घेतला.

"आत्ता तर स्पष्ट बोलत होता," मास्तर ओशाळून म्हणाले.

तंत्रशाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांच्या बायकोची दृष्टी दोन महिन्यांपूर्वी गेली. तेव्हापासून तिने अंथरूण धरले होते. अर्धी वाचून झालेली कादंबरी उशाखाली होती. तिला कोणी हात लावायचा नाही. उरलेली प्रकरणे लेकीने दुसऱ्या प्रतीतून वाचून मोबाइलवर पाठवली. पण काचेवर बोट भलतीकडे पडून फोन दूधवाल्याला लागला, आणि बाईंनी सांगून टाकले, "दुसऱ्याने लावून दिलेलं मी ऐकणार नाही." उशाजवळच्या जुन्या रेडिओचे बटण मात्र तिला अचूक सापडे. मास्तरांची सारी भिस्त त्यावरच होती.

त्यांनी मोबाइलला त्यातला आवाज रेडिओवर पोचवणारा काडेपेटीएवढा प्रक्षेपक जोडला. त्याचा जीव खोलीभर. रेडिओच्या काट्यावर एखादे मोठे केंद्र शेजारी आले की याचा आवाज गिळून टाकी. चार दिवस तिन्ही त्रिकाळ काटा केसभर सरकवत, वहीत नोंदी करत मास्तरांनी कुठलेच केंद्र नसलेली एक मोकळी जागा हेरली होती. आणि आता तिथेच ही खरखर.

काटा तपासायला त्यांनी सवयीने रेडिओच्या मोडक्या अँटेनावर डावा हात टेकला.

"प्रकरण एकोणिसावे," लेक खणखणीत बोलली.

हात काढला, खरखर. ठेवला, लेक. चारही दिवस हा हात अँटेनावरच होता! विद्यार्थ्याने अशी चाचणी केली असती, तर मास्तरांनी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते. उद्या तार जोडता येईल. पण आज आवाज तुटला, तर ही पुन्हा बटणाला हात लावायची नाही. मास्तर तसेच उभे राहिले.

एकोणिसावे संपले, विसावे लागले. मास्तरांचे गुडघे कटकट वाजू लागले.

"अहो, उभे का तुम्ही?"

"अँटेना मोडकीय. तिच्या जागी मी आहे."

ती पाय खाली सोडून, भिंत चाचपत स्वयंपाकघराकडे निघाली. काहीतरी दारावर आदळले. मास्तर धावणार तोच रेडिओ खरखरला.

"हात काढू नका!" ती आतून ओरडली. "गोष्टीतला तो नवरा काय म्हणाला, ते बुडालं ना माझं!"

खुर्चीचे पाय फरशीवर खरडत जवळ आले आणि खुर्ची त्यांच्या गुडघ्यांमागे टेकली.

"बसा."

मास्तर बसले. ती मात्र खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, प्रकरण संपेपर्यंत उभीच राहिली.