चार माणसांचा धक्का

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. आमची सगळी गल्ली कामाला पुण्याकडं गेली. दारांना कुलपं तेवढी राहिली. होळीच्या आधी माझे मालक वारले. बैलं एकटीला आवरेनात, म्हणून मी अहमदपूरला छोटा ट्रॅक्टर बघायला गेले.

दुकानदार ताकद, रंग, वरचं छत सांगत सुटला.

मी म्हणाले, "ते राहू द्या. बॅटरी बसली तर एकट्या बाईला चालू करता येईल, असा दाखवा."

तो हसला. "त्यात काय, मावशी! शेजारची चार माणसं बोलवायची, धक्का मारायचा."

माझं डोकंच फिरलं.

"चार कुठून आणू? मालकाला न्यायला तीनच गडी निघाले गावात. चौथा खांदा म्या दिला."