केर्त्तूची काळी जीभ

एप्रिलात शाळेतल्या नर्सबाईंचा फोन आला तेव्हा माझा भाऊ रेयो छपरावरचा बर्फ खाली ढकलत होता. फोन मी घेतला. त्याच्या लेकीचं, केर्त्तूचं, ब्लड प्रेशर एकशे अठ्ठेचाळीस आणि चौऱ्याण्णव, तीनदा मोजलं, तीनदा तेवढंच. पंधरा वर्षांची पोर!

दुसऱ्या घरात एवढी घाबरगुंडी उडाली नसती. आमच्या घरात उडाली. आमचे वडील एक्केचाळिसाव्या वर्षी जंगलात झाड तोडता तोडता गेले. थोरला भाऊ तोइवो शेहेचाळिसाव्या वर्षी स्कीवर असताना आडवा झाला तो उठलाच नाही. रेयोला गेल्या वर्षी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, छातीत कळ आली. बिचारा दोन स्टेंट घेऊन घरी आला. फिनलंडमधल्या या कारेलियात आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी बाप असाच गमावला आहे. पण मुलीला, आणि तेही पंधराव्या वर्षी? हे नवीनच होतं.

रेयो शिडीवरून खाली आला, ऐकलं, आणि बर्फातच बसला. "ताई, मीच दिलं तिला," एवढंच म्हणाला.

"मूर्खासारखं बोलू नकोस, ऊठ, ओला होशील," मी म्हणाले. पण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

डॉक्टर कोसोला म्हणजे आमच्या आरोग्य केंद्रातली नवी डॉक्टरीण. वयाने केर्त्तूची थोरली बहीण शोभेल. तिने सांगितलं, तीन आठवडे घरी सकाळ-संध्याकाळ मोजा, मग सगळ्या तपासण्या. आणि तोवर वल्हवणं बंद. झालं! केर्त्तूवर आभाळच कोसळलं. जुलैमध्ये आमच्या तळ्यावर गावागावांच्या लांब होड्यांची शर्यत असते, एका होडीत चौदा जण. मुलींच्या होडीत ती तिसऱ्या बाकावर होती. बर्फ वितळला की सराव सुरू व्हायचा, आणि प्रेशर उतरलं नाही तर तिची जागा मांजरासारख्या बारीक मनगटाच्या सोइलेला मिळणार होती.

त्या दिवसापासून रेयोने घरात लष्कर बसवलं. मिठाची बरणी गोठ्यात कुलपात गेली. लोणी बंद, सॉसेज बंद, खारवलेला मासा बंद. ओटच्या लापशीत चिमूटभरसुद्धा मीठ नाही.

"बाबा, ही लापशी आहे की भिंतीला कागद चिकटवायची खळ?" केर्त्तू ओरडली.

"खा मुकाट्याने. हृदय एकच असतं."

"जीभपण एकच असते!"

तिची आई ओउलू शहरात दुसरा संसार थाटायला गेली तेव्हा केर्त्तू सहा वर्षांची होती. तेव्हापासून शाळेतून सुटली की ती अंगणापलीकडे माझ्याकडेच येते. येऊन टेबलावर डोकं टेकायची. "आत्या, माझ्या आयुष्यात आता खायला काही उरलंच नाही गं." मला ते बघवेना. मीठ नको, लोणी नको, मग निदान गोळ्या तरी खाऊ देत पोरीला! माझ्या कपाटात सालमियाक्कीची पिशवी कायम असते. आमची ती काळी, खारट, ज्येष्ठमधाच्या अर्काची गोळी. बाहेरचा माणूस थुंकून टाकतो, आम्ही त्यावर वाढलो. मार्चमध्ये मी दुकानातल्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हापासून दुपारी आम्ही दोघी एकाच पिशवीत हात घालून बसायचो. आता मी तिला जास्तीच देऊ लागले. गोळी म्हणजे काही मीठ नव्हे, असा माझा हिशेब. रेयोला मात्र सांगितलं नाही, तो लगेच कुलूप शोधायला धावला असता.

आकडे उतरेनात. उलट चढले. एकशे बावन्न, एकशे छप्पन्न. रेयो ते फ्रिजवर लिहायचा आणि त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभा राहायचा. एकदा बघितलं तर वडिलांचा फोटो भिंतीवरून काढून त्याने कपाटात ठेवला होता. मला तेव्हा रडू आलं.

तीन आठवड्यांनी आम्ही तिघं केंद्रात गेलो. डॉक्टर कोसोलाने कागद चाळले. "हृदयाची सोनोग्राफी स्वच्छ. मूत्रपिंडं छान. पण रक्तात पोटॅशियम फार कमी आहे. हे मला खटकतंय. काय काय खातेस?"

रेयोने पाढा वाचला. बिनमिठाचं हे, बिनलोण्याचं ते. डॉक्टर ऐकत केर्त्तूकडे बघत होती. "जरा जीभ दाखव बघू."

केर्त्तूने जीभ काढली. कोळशासारखी काळी.

"सालमियाक्की? रोज किती?"

केर्त्तूने हळूच माझ्याकडे बघितलं. रेयोनेही बघितलं. मी छताकडे.

"मावशी, तुम्हीपण जीभ दाखवा," डॉक्टर म्हणाली.

काय करणार, दाखवली. मग सगळं बाहेर आलं: रोजची एक पिशवी, त्यातली निम्मी तिची. डॉक्टरने शांतपणे सांगितलं की ज्येष्ठमध फार खाल्ला तर अंगात पाणी साठतं, पोटॅशियम पडतं, प्रेशर चढतं. "सोडून द्या, काही आठवड्यांत कळेल. आणि मावशी, तुमच्या प्रेशरच्या दोन गोळ्या कधीपासून?"

"एक आधीची. दुसरी एप्रिलमध्ये वाढवली," मी पुटपुटले.

मला वाटलं, रेयो आता मला खाऊन टाकणार. त्याने तोंड दोन्ही हातांत झाकलं, खांदे हलायला लागले. रडतोय असं वाटलं, तर हसत होता! "ताई, अगं मी मीठ गोठ्यात लपवलं गं! गोठ्यात!"

महिन्याने केर्त्तूचं प्रेशर एकशे सोळा आणि चौऱ्याहत्तर आलं. घराण्याचा इतिहास काही पुसला जात नाही, दरवर्षी मोजायचं, असं डॉक्टरने बजावलं. माझी दुसरी गोळीही सुटली. वडिलांचा फोटो परत भिंतीवर लागला.

शर्यतीत मुलींची होडी चौथी आली, पाचांत. केर्त्तू तिसऱ्या बाकावर टोमॅटोसारखी लाल होऊन वल्हवत होती. धक्क्यावर शेजारीपाजारी रेयोला विचारत होते, पोरीच्या हृदयाचं काय झालं म्हणे?

"हृदय नव्हे हो!" रेयो साऱ्या तळ्याला ऐकू जाईल असं ओरडत होता. "माझ्या बहिणीने केलं! ही बघा, हिने!"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. एरवी मी कुणाचा अर्धा शब्दही ऐकून घेत नाही. त्या दिवशी मात्र मान ताठ करून म्हणाले, "हो, मीच केलं." आणि देवाशपथ, गुन्हा कबूल करताना मला इतका आनंद कधी झाला नव्हता.